बीटलज्यूस फुटेल, पण आपल्याला दिसेल का?



मृग नक्षत्रातला तो तांबूस तारा 'आता कधीही फुटणार' ही बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने फिरायला लागते. ताऱ्याचं नाव बीटलज्यूस, मराठीत काक्षी. २०१९ च्या शेवटी ती फिरली, २०२३ मध्ये पुन्हा फिरली. मग नेट-सेटची किंवा पेटची तयारी करणारं कुणीतरी विचारतंच, "दादा, आपल्या हयातीत दिसेल का हो?"

प्रश्न चांगला आहे. त्याला मिळणारी उत्तरं मात्र बऱ्याचदा दुसऱ्याच प्रश्नाची असतात. 'शक्यता किती' असं कुणी विचारलं की आधी विचारायचं, कशाची शक्यता? तारा फुटलेला 'दिसण्याची' शक्यता म्हणजे एक आकडा नव्हे. त्यात तीन चाळण्या आहेत. तारा फुटायला हवा, ही पहिली. तो आपल्या गावावरून, आपल्या हवामानात दिसायला हवा, ही दुसरी. आणि जुन्या काळाबद्दल बोलत असू तर तिसरी: कुणीतरी ते लिहून ठेवायला हवं आणि ते लिखाण आपल्यापर्यंत टिकायला हवं.

आज या तीन चाळण्यांतून काही दावे गाळून बघू. एक जपान-स्वित्झर्लंडच्या गटाचा, दोन आपल्या पुण्या-मुंबईचे. संशोधनाला लागण्याआधी दुसऱ्याचा पेपर असा चाळता येणं फार गरजेचं आहे, आणि हा विषय सरावाला बरा आहे.

पहिली चाळण: फुटणं

२०१९ च्या ऑक्टोबरपासून बीटलज्यूस मंद होत गेला. एरवी साधारण ०.५ प्रतीचा तारा २०२० च्या फेब्रुवारीत १.६ प्रतीपर्यंत उतरला. माळावर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी फरक कळत होता. 'फुटण्याआधीची ही चिन्हं' अशा बातम्या आल्या. पण मंद होणं आणि फुटणं यांचा संबंध कुणी दाखवला होता का? नव्हता. ताऱ्याचा गाभा कोसळायला येतो तेव्हा शेवटच्या टप्प्यांतले बदल खोल आत होतात आणि बाहेरच्या अवाढव्य थरांना त्याची फारशी खबर नसते. पुढे २०२१ मध्ये मोंतार्जेस आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूची धूळ झाली, पृष्ठभागाचा एक भाग थंडही झाला होता, आणि ती धूळ नेमकी आपल्या बाजूला होती. हबल दुर्बिणीच्या नोंदींवरून आंद्रेया दुप्री यांच्या गटानेही पृष्ठभागावरून मोठा लोट उडाल्याचं मांडलं. म्हणजे दिव्यापुढून धूर गेला होता. वात संपत आली असं त्यावरून म्हणता येत नव्हतं.

२०२३ चा दावा जास्त गंभीर होता. हिदेयुकी साइओ, देवेश नंदल, जॉर्ज मेने आणि सिल्व्हिया एकस्ट्रॉम यांच्या पेपरात म्हटलं होतं की बीटलज्यूसच्या तेजात जे ठरावीक काळाने चढउतार होतात, त्यातला सुमारे २२०० दिवसांचा चढउतार हे ताऱ्याचं मूळ स्पंदन आहे. तसं असेल तर तारा आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे, त्याच्या गाभ्यातला कार्बन संपत आला आहे, आणि कार्बन संपल्यावर काही दशकांत स्फोट अपेक्षित आहे.

या पेपराची ताकद आधी बघा. लेखकांनी एकच आवर्तनकाळ उचलून गोष्ट रचली नाही. चार वेगवेगळे आवर्तनकाळ एकाच प्रारूपात एकदम बसवून दाखवले. चार कुलपं एका किल्लीने उघडली तर किल्ली बरोबर असावी असं वाटणं साहजिक आहे.

आता कच्चा दुवा. ती किल्ली चालायला ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या १२०० पटींहून जास्त लागते. पण त्रिज्येचं मोजमाप स्पंदनावर अवलंबून न राहता वेगळ्या रीतीनेही होतं: ताऱ्याच्या बिंबाचा कोनीय व्यास मोजायचा आणि अंतराने गुणायचा. मेरिडिथ जॉइस, लास्लो मोल्नार आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्रिज्या सूर्याच्या साधारण ७६० पट आणि अंतर सुमारे ५५० प्रकाशवर्षं काढलं होतं. त्यांच्या मते मूळ स्पंदन सुमारे ४१६ दिवसांचं आहे, गाभ्यात अजून हेलियम जळतोय, आणि स्फोटाला एक लाख वर्षांच्या आसपास अवकाश आहे. २०२३ च्या दाव्यावर त्यांनी लगेच टिपण लिहून दाखवलं की एवढी मोठी त्रिज्या मोजलेल्या व्यासाशी जुळत नाही.

मग ते २२०० दिवसांचं आवर्तन कशाचं? अशी लांब आवर्तनं इतर तांबड्या महाताऱ्यांतही दिसतात. २०२४ मध्ये दोन गटांनी सुचवलं की बीटलज्यूसला जवळून फिरणारा एक छोटा जोडीदार असावा. २०२५ मध्ये हवाईच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीवरून स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाला जवळपास अपेक्षित जागी तसा अंधूक जोडीदार दिसल्याचं जाहीर झालं. त्या निरीक्षणाची आणखी खातरजमा व्हायची आहे. पण ते टिकलं तर 'काही दशकांत'चा आधारच निघून जातो.

इथे शिकण्यासारखं काय? 'जर हे मूळ स्पंदन असेल तर' हा पेपरातला 'जर' बातमीत येईपर्यंत गळून पडला. अट गाळली की निष्कर्ष लगेच वजनदार वाटायला लागतो. तुम्ही पेपर वाचताना आधी 'जर' शोधा, मग तो 'जर' वेगळ्या मार्गाने तपासता येतो का ते बघा.

एक लाख वर्षं हा आकडा ढोबळ धरून हिशेब केला तर पुढच्या ५० वर्षांत बीटलज्यूस फुटण्याची शक्यता दोन हजारांत एक. खगोलशास्त्रज्ञ 'लवकरच' म्हणतो तेव्हा तो या मापाचा 'लवकरच' असतो.

पण कोणताही तारा चालेल ना?

ठीक आहे, बीटलज्यूसचा हट्ट सोडू. आपल्या आकाशगंगेतला कुठलाही तारा चालेल. मग शक्यता वाढते, पण किती?

इथे दोन आकडे नेहमी एकमेकांत मिसळले जातात. पहिला: आकाशगंगेत गाभा कोसळून होणारे स्फोट शतकात साधारण १.६, अर्ध्याने कमी-जास्त. २०२१ च्या एका संकलनातला हा अंदाज आहे. दुसरा: नुसत्या डोळ्यांनी दिसलेले आणि निर्विवाद मानले जाणारे गेल्या हजार वर्षांतले सुपरनोव्हा पाच. १००६, १०५४, ११८१, १५७२ आणि १६०४. म्हणजे शतकात अर्धा.

एवढा फरक का? कारण बहुतेक तारे आकाशगंगेच्या पट्ट्यात आहेत आणि त्या पट्ट्यात धूळ आहे. शर्मिष्ठा तारकासमूहातला कॅसिओपिया-ए हा स्फोट सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्यापासून सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर झाला. तेव्हा युरोपात दुर्बिणी होत्या, तरी तो पाहिल्याची निर्विवाद नोंद नाही.

दुसऱ्या आकड्यावरून पॉयसाँ वितरण लावून हिशेब करू. शतकात ०.५ म्हणजे ५० वर्षांत अपेक्षा ०.२५. निदान एक दिसण्याची शक्यता १ वजा ई चा उणे ०.२५ घात, म्हणजे साधारण २२ टक्के. तुमच्या दादाचं वय विशीच्या शेवटचं आहे, तेव्हा हा आकडा मला बरा वाटतो.

आता याच आकड्यावर टीका करा बघू. दोन ठिकाणी तो ठिसूळ आहे.

एक, मोजणी कुठून सुरू केली? काही जण '१००६ ते १६०४ या ६०० वर्षांत पाच' असं लिहितात आणि दर जास्त दाखवतात. पण खिडकीची दोन्ही टोकं घटनेवरच टेकवली की दर फुगणारच. १६०४ नंतरची रिकामी ४२० वर्षंही धरली पाहिजेत. 'मग आता वेळ भरली आहे' असंही म्हणू नका. शतकात अर्धा या दराने ४२० वर्षं कोरडी जाण्याची शक्यता साधारण आठात एक आहे. त्यात नवल नाही, आणि ताऱ्यांना आपली थकबाकी ठाऊक नसते.

दोन, पाचही स्फोट एका जातीचे नाहीत. १००६, १५७२ आणि १६०४ चे स्फोट श्वेतबटूंचे होते. ११८१ चा स्फोटही श्वेतबटूंच्या टकरीतून झालेला एक विचित्र प्रकार असावा असं अलीकडे मानलं जातं. बीटलज्यूससारखा गाभा कोसळून झालेला खात्रीचा एकच, १०५४ चा. म्हणजे शतकात १.६ या आकड्याशी तुलना करायला आपल्याकडे नमुना आहे एकाचा! एका घटनेवरून दर काढता येतो, पण त्याला किती कमी-जास्त लावायचं ते तुम्हीच विचार करा.

दुसरी चाळण: माळशिरसवरून दिसणं

आता गावाचा हिशेब. माळशिरस साधारण १७.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणेकडच्या ताऱ्याची कमाल उंची काढायला सोपं सूत्र आहे: ९० मधून अक्षांश वजा करा, मग ताऱ्याची दक्षिण क्रांती वजा करा.

२३ फेब्रुवारी १९८७ ला मोठ्या मॅगेलन मेघात एक तारा फुटलेला दिसला. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना सहज दिसलेला हाच, आणि मे महिन्यात तो तिसऱ्या प्रतीपर्यंत गेला. त्याची क्रांती दक्षिण ६९.३ अंश. वजाबाकी केली की माळशिरसवरून कमाल उंची येते २.८ अंश. म्हणजे तो क्षितिजावर आला, पण उसाच्या फडामागेच राहिला. इतक्या खाली हवेच्या जाड थरातून बघताना तारा तीन-चार प्रतींनी मंद होतो. चिलीतल्या माणसाला अंगणातून दिसलेला तारा आपल्या तालुक्यात नुसत्या डोळ्यांनी दिसणं जवळपास अशक्य होतं. शक्यता सांगताना जागा सांगायची असते ती यासाठी.

दुसरा अडथळा पावसाळ्याचा. आपल्या घरात 'मृग लागला', 'आर्द्रा लागल्या' हे शब्द पेरणीसाठी वापरतात. त्याचा आकाशातला अर्थ सूर्य त्या नक्षत्रात आला असा आहे. म्हणजे मृग लागला की रात्री मृग दिसत नाही! बीटलज्यूस जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यासोबत उगवतो आणि मावळतो. त्यात जून ते सप्टेंबर ढग. आपला तालुका पर्जन्यछायेत असला तरी पाऊस पडो न पडो, ढग येतातच. मंद सुपरनोव्हा असेल तर वर्षातले तीन-चार महिने आपण आंधळेच.

बीटलज्यूसला मात्र हा नियम लावू नका. तो फुटला तर साधारण अर्ध्या चंद्राइतका उजळेल आणि काही महिने दिवसाही दिसेल. आर्द्रात फुटला तरी ढगाची एखादी खिडक पुरे. त्याच्यासाठी दुसरी चाळण जवळपास उघडी आहे, अडतंय ते पहिल्या चाळणीत.

तिसरी चाळण: नोंद

इथे आपल्या घरचं संशोधन येतं. ४ जुलै १०५४ ला चिनी राजदरबारातल्या निरीक्षकांनी वृषभ राशीत 'पाहुणा तारा' नोंदवला. तो २३ दिवस दिवसाढवळ्या दिसला आणि रात्री जवळपास २१ महिने. त्याचाच अवशेष म्हणजे आजचा क्रॅब नेब्युला. मग भारतात कुणीच पाहिला नाही का? पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय साहित्यात सुपरनोव्हांच्या नोंदी शोधल्या आणि २००१ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निबंध लिहिला. ठामपणे बोट ठेवावं अशी नोंद मिळाली नाही.

संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा असं मला वाटतं. कारण साधं आहे. खगोलशास्त्रज्ञ आणि संस्कृतज्ञ एकत्र बसले, शोधलं, आणि हवं ते हाती लागलं नाही हेही छापलं. 'आमच्या पूर्वजांनी सगळं पाहिलं होतं' असं ऐकायला लोक टपलेले असताना 'सापडलं नाही' असं लिहायला शास्त्राची शिस्त लागते.

पण समीक्षा म्हणजे नुसती वाहवा नव्हे. निबंध मिटल्यावर पुढचा प्रश्न आपण विचारायचा: 'सापडलं नाही' याचा अर्थ काय? पाहिलं नाही, लिहिलं नाही, की लिहिलेलं टिकलं नाही?

'जुलैत पावसाळा होता' हे उत्तर सहज सुचतं. ते पुरत नाही. ढगांनी सुरुवातीचे दोन-तीन महिने खाल्ले असं धरू. पण तारा त्यानंतरचा अख्खा हिवाळा दिसत होता, आणि वृषभाचा तो भाग आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातो.

याहून चांगली कसोटी १०५४ ची नाहीच, १००६ ची आहे. आपल्याकडे चर्चा बहुतेक क्रॅबभोवती फिरते, पण १००६ चा तारा माहीत असलेल्या नोंदींतला सर्वांत तेजस्वी. इजिप्तमध्ये अली इब्न रिदवानने तो पाहिला, चीन-जपानमध्ये पाहिला. सुरुवात ३० एप्रिलच्या सुमारास. म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळा, निरभ्र आकाश, आणि पावसाला निदान महिनाभर अवकाश. तेव्हा त्याची क्रांती दक्षिण ३८ अंशांच्या आसपास होती. वरचंच सूत्र लावा: माळशिरसवरून उंची ३४ अंश, तीही मध्यरात्रीच्या सुमारास. स्वित्झर्लंडमध्ये सेंट गालनच्या मठातून तोच तारा जेमतेम चार-पाच अंश वर यायचा, तरी तिथल्या साधूंनी लिहून ठेवला. इथे शुक्रापेक्षा कितीतरी उजळ तारा ऐन मे महिन्यात खळ्यावर, अंगणात झोपणाऱ्या लोकांच्या समोर होता. तो कुणी पाहिला नाही हे पटत नाही. तरीही सर्वमान्य भारतीय नोंद नाही. म्हणजे पहिल्या दोन चाळण्या उघड्या होत्या. गळती तिसरीत झाली.

तिसरीत का, याचाही विचार करा. आपल्या ज्योतिषातले सिद्धांत आणि करणग्रंथ गणिताचे आहेत. ग्रह कुठे असेल, ग्रहण कधी लागेल, हे आधी सांगणं त्यांचं काम. अचानक आलेल्या ताऱ्याला त्या पोथीत रकानाच नाही. ताम्रपटांत आणि शिलालेखांत ग्रहणं भरपूर येतात, कारण ग्रहणात दान द्यायचं पुण्य ठरलेलं होतं. आपल्याच तालुक्यात वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात नंतरच्या, यादवकाळातले शिलालेख आहेत. असे लेख देवळाबद्दल, दानाबद्दल, राजाच्या अधिकाऱ्यांबद्दल बोलतात. नवा तारा हा कुठल्याच दानाचा पर्वकाळ नव्हता. चीनमध्ये उलट, आकाशात नवं काय दिसलं ते तारखेनिशी लिहिणं ही पगारी नोकरी होती. हा फरक डोळ्यांचा नाही, दप्तराचा आहे. आणि १०५४ ची निर्विवाद नोंद युरोपातही नाही, तेव्हा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

सापडलंच, असं म्हणणारा पेपर

याच्या उलट टोकाचा एक पेपर आहे. हृषीकेश जोगळेकर, टीआयएफआरचे मयंक वाहिया आणि अनिकेत सुळे यांनी काश्मीरमधल्या बुर्झाहोमच्या कोरीव दगडाबद्दल तो मांडला. दगडावर शिकारी, प्राणी आणि दोन तेजस्वी गोल आहेत. त्यांच्या मते हे आकाशाचं चित्र असू शकतं आणि एक गोल म्हणजे एचबी ९ या अवशेषाचा सुपरनोव्हा.

पद्धतीत चांगलं काय? दगडाला मनात येईल तो सुपरनोव्हा चिकटवलेला नाही. ज्ञात अवशेषांतून वय आणि तेज यांच्या आधारे उमेदवार गाळले आहेत. पण मला अडतं ते दुसरीकडे. एचबी ९ च्या वयाचा अंदाज हजारो वर्षांच्या पट्ट्यात आहे. चित्रातल्या कोणत्या आकृतीला कोणतं नक्षत्र म्हणायचं हे आपण ठरवणार. दोन गोल म्हणजे सूर्य-चंद्र, दोन दिवसांचे सूर्य, की नुसती नक्षी, हेही आपणच ठरवणार. मोकळे पर्याय इतके असले की काही ना काही जुळणारच. म्हणून विचारायचं: शिकारीची दुसरी दहा प्राचीन चित्रं घेतली, तर त्यातल्या किती चित्रांत याच रीतीने आकाश 'सापडेल'? तो आकडा समोर आल्याशिवाय हे जुळणं किती वजनाचं ते कळणार नाही. कल्पना म्हणून पेपर वाचनीय आहे, पुरावा म्हणून मी तो अजून धरणार नाही.

दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा. एकात 'नाही' आहे, दुसऱ्यात 'असू शकेल' आहे. वर्तमानपत्रात दुसरा जास्त गाजणार हे उघड आहे. तुमच्या प्रबंधाला मात्र पहिल्याचा जास्त उपयोग होईल, कारण त्यावर पुढचं काम उभं करता येतं. १००६ च्या मे महिन्यात कोणत्या प्रकारच्या लिखाणात नोंद यायला हवी होती, त्या प्रकारचं किती लिखाण टिकलंय, हा प्रश्न अजून एखाद्या चांगल्या विद्यार्थ्याची वाट बघतोय. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही. कानडी, संस्कृत, मोडी यातलं काहीतरी आणि थोडी संख्याशास्त्राची तयारी लागते.

तर उत्तर असं. पुढच्या ५० वर्षांत बीटलज्यूस फुटताना दिसण्याची शक्यता दोन हजारांत एकाच्या आसपास. कुठलातरी सुपरनोव्हा आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी दिसण्याची शक्यता ढोबळमानाने पाचात एक, आणि तो आकडा पाच घटनांवर उभा आहे हे विसरायचं नाही. दिसला तर तारीख, वेळ, गाव आणि शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत तेज वहीत लिहून ठेवा.

तोपर्यंत एक गृहपाठ. तुमच्या गावाचा अक्षांश काढा आणि १००६ च्या ताऱ्याची कमाल उंची मोजा. मग गावाच्या दक्षिणेला काय आहे ते बघा: डोंगर, झाडी की मोकळा माळ. उत्तर कॉमेंटमध्ये टाका, गावाच्या नावासकट.